निर्वासितांचा वास्तुविशारद: माचेय नोवित्स्की

सरदार सरोवराचे पाणी चढू लागले तेव्हा नर्मदाकाठच्या अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावांवर विस्थापनाची पाळी आली, आणि त्यांतील कित्येक भिल्ल-पावरा कुटुंबे तळोद्याच्या वनक्षेत्रातून मोकळ्या केलेल्या सुमारे ४२०० हेक्टर जमिनीवर वसविण्यात आली, ही हकीकत नंदुरबार जिल्ह्यात कोणाला नवी नाही. जमीन किती मिळाली, यादीतून कोणाचे नाव गळले, सातबारा कोणाच्या नावे झाला, यांविषयी सभांतून, मोर्चांतून आणि न्यायालयांतून पुष्कळ वाद झाला आणि तो होणे अवश्यच होते. परंतु या माणसांच्या नव्या घराची आकृती कोणी आणि काय पाहून ठरविली, या प्रश्नाला माझ्या मते पुरेसे महत्त्व मिळाले नाही. सातपुड्याच्या उतारावर ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, शेजाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते. सागाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा शेणामातीने सारवलेला कूड, वर कौले, आणि एकाच छपराखाली चूल, गुरे व धान्याच्या कणग्या. वसाहतीत मात्र मोजणीदाराने आखलेले रस्ते आणि सरळ रांगेतले भूखंड. जे कुटुंब पिढ्यान् पिढ्या मोकळ्या उतारावर नांदले, त्याला रांगेत उभे करताना त्याच्या राहणीची काय गत होईल, हे कागदावर रेघ मारण्यापूर्वी कोणी तरी विचारावयास हवे होते.

हा प्रश्न विचारण्याची योग्यता ज्याच्या अंगी स्वतःच्या दुःखातून आली होती असा एक वास्तुविशारद १९५० साली हिंदुस्थानात येऊन गेला. त्याचे नाव माचेय नोवित्स्की. अमेरिकेत त्याला मॅथ्यू म्हणत. चंडीगढचे नाव निघाले की आपल्याकडे ले कॉर्ब्युझिएचे नाव घेतले जाते आणि या पोलिश गृहस्थाचा उल्लेख एखाद्या तळटीपेत होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नोवित्स्कीचा जन्म २६ जून १९१० रोजी सायबेरियातील चिता या गावी झाला. पोलंड हे राष्ट्र त्या काळी नकाशावर नव्हतेच, आणि पोलिश घराण्यातील मूल परक्या साम्राज्याच्या दूरच्या टोकाला जन्मास यावे, यात त्या देशाचा अर्धा इतिहास आला. १९३६ साली वॉर्सा येथील तंत्रविद्यापीठातून त्याने वास्तुशास्त्राची पदवी घेतली. स्तानिस्वावा सांदेत्स्का ही त्याची विद्यापीठातील सहाध्यायिनी; दोघांनी मिळून भित्तिचित्रे आणि इमारतींचे आराखडे केले, नावे जोडीने लावली आणि पुढे संसारही मांडला. या दांपत्याचे काम कोणाचे किती अशी वाटणी करता येत नाही.

१९३९ साली जर्मन फौजांनी पोलंड व्यापले. उच्च शिक्षणाला बंदी झाली, तेव्हा गवंडीकामाची शाळा या नावाखाली नोवित्स्की तरुणांना वास्तुशास्त्र शिकवीत राहिला. १९४४ च्या ऑगस्टात वॉर्साने उठाव केला, ऑक्टोबरच्या आरंभी तो मोडला, आणि त्यानंतर जर्मनांनी उरलेले शहर एकेक मोहल्ला घेऊन पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले. युद्ध संपले तेव्हा वॉर्साच्या बहुतेक इमारती जमीनदोस्त झालेल्या होत्या, आणि नोवित्स्की त्या ढिगाऱ्यांतून नवे शहर उभे करण्याच्या आराखड्यावर १९४५ साली काम करीत होता. ज्या रस्त्यांवर आपले तारुण्य गेले ते रस्ते कागदावर पुन्हा आखावे लागणे, याहून कठोर शिक्षण वास्तुविशारदाला दुसरे कोणते मिळणार?

  

१९४५ च्या अखेरीस नोवित्स्की पोलिश सरकारच्या वतीने शिकागोच्या उपवकिलातीत सांस्कृतिक कामासाठी गेला. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयाचा आराखडा ठरविणाऱ्या मंडळावर पोलंडचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली. ले कॉर्ब्युझिए आणि ऑस्कर निमायर हे त्याचे तेथील सहकारी. परंतु मायदेशी साम्यवादी सत्ता दृढ झाली, परतण्याची वाट बंद झाली, आणि बायको व दोन मुलांसह त्याने अमेरिकेतच राहण्याचे ठरविले. १९४८ साली नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथील राज्य महाविद्यालयात तो वास्तुशास्त्र विभागाचा प्रमुख झाला.

रॅलेला त्याने जे काम केले त्याचे थोडे विस्ताराने वर्णन केले पाहिजे. आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जसा घोडेबाजार भरतो, तशी त्या राज्यातही जत्रा भरे, आणि तेथे जनावरांचे प्रदर्शन मांडण्यासाठी मोठे मंडप-गृह हवे होते. मध्ये एकही खांब नको, आणि लोकांना चहूंकडून दिसले पाहिजे. नोवित्स्कीने काँक्रीटच्या दोन भव्य कमानी योजिल्या. त्या बाहेरच्या बाजूस कललेल्या आणि पायथ्याशी एकमेकींना छेदणाऱ्या. त्या कमानींच्या दरम्यान पोलादी तारा आडव्या-उभ्या ताणून वर हलके छप्पर बसविले. खाटेच्या चौकटीत काथ्या विणावा आणि त्याच्या ताणाने चौकट घट्ट धरली जावी, तशी ही रचना आहे: कमानी बाहेर पडू पाहतात आणि तारा त्यांना आत ओढून धरतात. कमानींचा भार घ्यायला कडेने खांब आहेत, खांबांच्या मधून काचा. इतके मोठे छप्पर पातळ आणि खोगिरासारखे वळलेले असू शकते हे जगाला त्या इमारतीने दाखविले, आणि ताणलेल्या छपरांची पुढील पुष्कळशी परंपरा तिथूनच निघाली. रचनेच्या हिशेबात फ्रेड सेव्हरड या अभियंत्याची मदत झाली. १९५२ साली इमारत पुरी झाली. तिच्या कर्त्याला ती पाहता आली नाही.

हिंदुस्थानात यायचे कारण असे झाले. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नवे शहर वसविण्याचे काम अल्बर्ट मेयर या अमेरिकन नियोजनकाराकडे आले. हा मनुष्य उत्तर प्रदेशात इटावा येथील ग्रामविकासाच्या प्रयोगात राबलेला होता आणि त्याला खेड्याची जाण होती. इमारतींच्या कामासाठी मेयरने नोवित्स्कीला बोलावले. १९५० च्या उन्हाळ्यात तो येथे आला आणि मेयरच्या आराखड्याला त्याने पानाच्या शिरांसारखे रूप दिले. विधानसभेपासून कनिष्ठ नोकरांच्या घरांपर्यंत, बाजारपेठेपासून शाळेपर्यंत त्याने रेखाटने केली, आणि त्यांत अंगण, जाळी, सावली आणि पेठेतील गजबज यांना मानाचे स्थान होते. वास्तू एका ठरीव उपयोगाला जखडून टाकू नये, राहणी बदलेल तसे वापरता येईल इतके सैलपण तिच्यात ठेवावे, असे मत त्याने १९४९ च्या सुमारास लेखांतून मांडलेच होते. शहर नव्याने आखले म्हणून कोणी विस्थापित झाले नाही असे मात्र नव्हे. चंडीगढच्या जागेवरील शेतकऱ्यांनाही आपली गावे सोडावी लागली, आणि ही गोष्ट त्या शहराच्या गौरवगाथेत सांगायची राहून जाते.

३१ ऑगस्ट १९५० रोजी मुंबईहून कैरो व रोममार्गे न्यूयॉर्कला जाणारे विमान इजिप्तमध्ये कैरोहून उड्डाण केल्यानंतर आग लागून कोसळले. त्यातील पंचावन्न जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेस परतणारा नोवित्स्की त्यांत होता. वय चाळीस.

पंजाब सरकारचे अधिकारी थापर आणि वर्मा युरोपात नव्या माणसाच्या शोधात निघाले, आणि ले कॉर्ब्युझिए आला. १९५१ साली त्याने आराखड्यातील वळणे सरळ करून आयताकृती सेक्टर पाडले. त्याच्या प्रतिभेबद्दल मला आदर आहे. त्याच्या बरोबर आलेल्या मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जानरे यांनी स्वस्त घरांवर मन लावून काम केले हेही खरे. तरी ज्याने स्वतः सारे शहर गमावले होते, त्याच्या हातून पंजाबच्या निर्वासितांची घरे पुरी झाली असती तर ती काय दिसली असती, ही हुरहूर माझ्या मनातून जात नाही. तळोद्यासारख्या वसाहतीचे नकाशे काढणाऱ्या अभियंत्यांच्या शिक्षणात नोवित्स्कीच्या त्या रेखाटनांना स्थान मिळावे, असे मी आग्रहाने सुचवितो.

स्तानिस्वावा दोन मुलांसह अमेरिकेत राहिली. १९५१ पासून ती फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकवू लागली, तेथे पूर्ण प्राध्यापकपदास पोचली आणि १९७७ पर्यंत शिकवीत राहिली. ज्या काळी त्या व्यवसायात स्त्रिया विरळा होत्या, त्या काळी एका विधवा निर्वासित बाईने हे केले. नोवित्स्कीचा मित्र आणि थोर नगरशास्त्रज्ञ लुईस ममफर्ड याने १९५४ साली एका वास्तुशास्त्रविषयक मासिकात त्याच्या जीवनावर व कार्यावर लेखमाला लिहिली, आणि आज त्याची जी काही ओळख अभ्यासकांत उरली आहे ती मुख्यतः त्या लेखांमुळे व विधवेने जपलेल्या कागदपत्रांमुळे.