दिशा ठरवण्याची वेळ आठवीतच
कुवेतमधील मराठी घरांत पाल्याच्या करिअरचा विचार अनेकदा दहावीच्या निकालानंतर सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासासह दहावी व बारावी राज्यातूनच उत्तीर्ण होण्याची सर्वसाधारण अट आहे. याउलट एनआयटींतील ‘दासा’ योजनेसाठी, आखातातील भारतीयांच्या मुलांना मिळणाऱ्या शुल्कसवलतीसह, अकरावी-बारावी परदेशात व्हावी लागते. दहावीनंतर पाल्याला पुण्यास पाठवल्यास ही दोन्ही दारे बंद होऊ शकतात. सीबीएसईची नोंदणी नववीतच होत असल्याने ही चर्चा आठवीत व्हावी आणि तिची सुरुवात मुलांच्या आवडीपासून व्हावी. तेराव्या वर्षी व्यवसाय ठरत नाही. मात्र कोणते मार्ग खुले ठेवायचे, हे निश्चित ठरवता येते.