नावं विचारत फिरायचं नगर

तिसगावच्या स्टँडवर नगरची एसटी धरली, करंजी घाट ओलांडला, की काही वेळानं डोंगरमाथ्यावर एकटीच उभी असलेली अष्टकोनी इमारत दिसायला लागते. ‘चांदबिबीचा महाल,’ असं बसमधलं कुणीही सांगेल. कॉलेजला निघालेली पोरं सांगतील, दवाखान्याची पिशवी मांडीवर घेतलेल्या आजी सांगतील. चांदबिबी मात्र तिथे कधी राहिली नाही. ती कबर आहे, मुर्तजा निजामशहाचा दिवाण दुसरा सलाबतखान याची. तीन मजल्यांच्या कमानी, चुन्याचा गिलावा नसलेला काळा दगड, आणि खाली तळघरात मूळ थडगं. चांदबिबीनं नगरचा किल्ला लढवला त्याच्या काही वर्षं आधीच सलाबतखान मरून गेला होता. कर्तबगार माणूस, पण लोकांच्या लक्षात राहिली ती तलवार घेऊन तटावर उभी ठाकलेली बाई. महाल तिच्या नावावर चढला तो चढलाच.

नगर पायी बघायचं तर सुरुवात इथूनच करावी. शहरापासून तेरा-एक किलोमीटरवर असलेल्या या डोंगरावर वरपर्यंत गाडीरस्ता आहे आणि माथ्यावरून खालचं शहर नकाशासारखं पसरलेलं दिसतं. शिवाय पहिला धडाही मिळतो: नगरमध्ये जागांची नावं हीच वाटाडी, आणि वाटाड्या कधीकधी थापाही मारतो.

परदेशात हे काम सोपं करून ठेवलेलं असतं. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९५१ पासून ‘फ्रीडम ट्रेल’ आहे. फुटपाथवर विटांची किंवा रंगाची लाल रेघ ओढलेली, ती धरून चार किलोमीटर चालायचं, वाटेत सोळा ठिकाणं. चुकायची सोय नाही. नगरमध्ये अशी रेघ नाही. पुरातत्त्व खात्याचे निळे फलक आहेत, पण त्यांवर बहुतेक वेळा वास्तूची माहिती कमी आणि तोडफोड केल्यास होणाऱ्या शिक्षेचं कलम जास्त. मग रेघ आपणच ओढायची. खिशात कागद, फोनमध्ये नकाशा, पाण्याची बाटली, डोक्याला टोपी. दिवस हिवाळ्यातले बरे.

खाली उतरल्यावर शहरातली पायपीट माळीवाडा वेशीपासून करावी. स्टँडजवळच आहे, आणि पलीकडे नगरचं ग्रामदैवत विशाल गणपती. शहराभोवतीचा तट बहुतेक गेला, पण त्याच्या वेशी पत्त्यांतून जिवंत आहेत: माळीवाडा, झेंडीगेट, मंगलगेट, दिल्लीगेट. रिक्षावाल्याला ‘दिल्लीगेट’ म्हटलं की तो दिल्ली कुठं आहे याचा विचार न करता हँडल वळवतो. कागदावर ही नावं टिंबांनी मांडून जोडली, तर नाहीसा झालेला तट साधारण कुठून जात असेल याचा अंदाज येतो. फुकटात मिळणारा याहून चांगला नकाशा नाही.

वेशीतून आत शिरलं की जुना बाजार, कापडबाजार. इथे मान वर करून चालायला शिकावं लागतं. दुकानांच्या पाट्यांवर साडीसेलचे बॅनर, त्यांच्यावर पत्र्याचं शेड, आणि शेडच्याही वर एखाद्या जुन्या वाड्याचा लाकडी सज्जा. खालून जाणाऱ्या मोटारसायकली चुकवत हे बघणं धोक्याचं असतं. दुकानाच्या पायरीवर उभं राहून बघावं. ‘काय पाहिजे?’ असं दुकानदार विचारतोच. ‘हा वाडा कुणाचा?’ असं विचारलं तर निम्म्या वेळा चहा मिळतो.

पुढे चितळे रोडनं चौपाटी कारंजाकडे. समुद्र दोन-अडीचशे किलोमीटर लांब, तेव्हा या नावातलं ‘कारंजा’ महत्त्वाचं, ‘चौपाटी’ नव्हे. निजामशाहीतलं नगर हे नळांचं शहर होतं. कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांतून भाजलेल्या मातीच्या खापरी नळांनी पाणी आणलं जाई. ते जमिनीखालून, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय शहरापर्यंत पोचे आणि हौदांत, बागांत, कारंज्यांत खेळे. दुष्काळी पट्ट्यातल्या राजधानीला हा थाट परवडला तो त्या उताराच्या अचूक मापामुळे. ज्या गावांना आज उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्यांच्या रानात अजूनही नांगराला खापरी नळाचा तुकडा लागतो, यावर फारसं बोलायची गरज नाही.

दिल्लीगेटमधून बाहेर पडून नालेगावच्या अंगानं सीना नदीकडे गेलं की बागरोजा. शहर वसवणाऱ्या मलिक अहमद निजामशहाची कबर इथे आहे. त्यानं २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेला हरवलं आणि पुढे त्याच मुलखात राजधानी थाटली. तो दिवस शहराचा स्थापना दिवस म्हणून साजरा होतो. २०२४ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, याच जिल्ह्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांवरून. कंडक्टर हाळी मात्र ‘नगर, नगर’ अशीच देतो, जशी आधीही कुणी ‘अहमदनगर’ म्हणून दिली नव्हती. बागरोजाच्या आवारात एका हत्तीचंही स्मारक दाखवतात. गुलाम अली त्याचं नाव. १५६५ च्या तालीकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला त्यानंच पकडलं, असं सांगतात.

इथवर अर्धा दिवस जातो. दुपारनंतर किल्ला.

हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ या काळात जुन्या मातीच्या गढीच्या जागी हा दगडी भुईकोट उभा केला. गोलाकार, बावीस बुरूज, भोवती रुंद खंदक. आता तो लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे ओळखपत्र खिशात असावं आणि आत जाऊ देण्याच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. तटाच्या कडेनं चालताना इथल्या वेढ्यांपैकी निदान दोन आठवतात. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याची फौज आली. सुरुंग फुटून तटाला खिंडार पडलं, तेव्हा हुसेनशहाची मुलगी चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात भगदाड बुजवून घेतलं. तोफगोळे संपल्यावर तिनं तांब्या-चांदीची, मग सोन्याची नाणी डागली, अशीही कथा आहे. तह झाला, वऱ्हाड गेलं, किल्ला वाचला. चार वर्षांनी मोगल पुन्हा आले, तेव्हा तिला मारलं ते तिच्याच माणसांनी. आठवणारा दुसरा वेढा ऑगस्ट १८०३ चा. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, यानं शहर आधी घेतलं आणि १२ ऑगस्टला किल्ला. किल्ल्याबाहेर चार तोफा रोवलेलं एक चिंचेचं झाड दाखवतात. त्याच्या सावलीत वेलस्लीनं न्याहारी केली होती म्हणे. इंग्रजांनी आठवण जपली ती न्याहारीची.

किल्ल्यातला सगळ्यात जड कोपरा मात्र साध्या बैठ्या खोल्यांचा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना इथे आणून ठेवलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, शंकरराव देव आणि इतर. नेहरूंनी १९४४ मध्ये काही महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहून काढलं. फावल्या वेळात ते बागेतली माती उकरत. आझादांनी पत्रं लिहिली, जी पाठवता येत नव्हती; ती पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पुस्तकात आली. त्यांत चहाची तब्येत आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या आहेत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांची पत्नी झुलेखा कलकत्त्यात गेली, आणि ते इथे या भिंतींआड होते. नेहरूंच्या पुस्तकासाठी इथे येणाऱ्यानं चिमण्याही आठवाव्यात.

किल्ल्याच्या पूर्वेला दमडी मशीद आहे. आकारानं लहान, पण नगरमधलं सगळ्यात देखणं दगडकाम बहुधा हेच. साहिरखानानं ती १५६७ मध्ये बांधली. नावाची गोष्ट अशी की किल्ल्याचं बांधकाम करणाऱ्या मजुरांनी रोज मजुरीतली एकेक दमडी बाजूला टाकून तिला हातभार लावला. किल्ल्याचं मुख्य काम त्याच्या पाच वर्षं आधीच उरकलं होतं, त्यामुळे ही गोष्ट तारखांच्या ताळ्याला नीट बसत नाही. पण ‘चमडी गेली तरी दमडी सुटत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलखात मजुरांनी हौसेनं दमडी सोडल्याची गोष्ट कुणी का सोडावी? दगडाच्या फुलावर बोट फिरवायचा मोह होतो. फिरवू नये. चारशे-साडेचारशे वर्षांत अशा बोटांनीच कडा गुळगुळीत होतात.

ज्यांना बादशहांपेक्षा शाळा अधिक जवळच्या वाटतात, त्यांनी एक वेगळी वाट आखावी. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली; सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं तेही फरार बाईंकडे. फरार बाई १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. पुण्यात भिडेवाड्याची चर्चा होते तितकी नगरमध्ये फरार बाईंची होत नाही, हे खरं तर नगरकरांनी मनावर घ्यायला हवं.

भिंगारला आलमगीर नावाची जागाही आहे. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब गेला तो इथल्या छावणीत; दफन खुलदाबादला झालं. दख्खन जिंकायला निघून पंचवीस वर्षं उलटलेला बादशहा शेवटी ज्या शहराजवळ थांबला, तिथे त्याची खूण फार लहान आहे.

पायांत जोर उरला असेल तर सोलापूर रस्त्याला फराहबाग. पाऊस बरा झाला तरच आसपास हिरवं दिसतं. एकेकाळी भोवती मोठं तळं होतं आणि मधोमध हा दुमजली अष्टकोनी महाल. तो १५८३ च्या सुमारास पुरा झाला. मुर्तजा निजामशहाला आधीचं बांधकाम पसंत पडलं नाही, म्हणून ते पाडून सलाबतखानानं हे नव्यानं उभं केलं. लोक मुर्तजाला ‘दिवाना’ म्हणत. कारभार दिवाणावर सोपवून तो या पाण्यातल्या महालात माणसांपासून लांब राहिला, बुद्धिबळ खेळत. १५८८ मध्ये त्याला त्याच्याच मुलानं मारलं. तळं कधीच आटलं. आता काळ्या-मातकट भिंती, मधल्या उंच दालनात पारव्यांचा आवाज, आणि बाहेर बाभळी.

जवळच लष्कराचं ‘कॅव्हलरी टँक म्युझियम’ आहे, १९९४ मध्ये सुरू झालेलं. फराहबागेहून तिथे जायला निघालेल्यांना रिक्षावाला हमखास एकदा विचारून घेतो, ‘रणगाड्यांच्या टँककडं ना?’