अस्वलाशी शेजारधर्म

समुद्रकिनारी हताश बसलेल्या वानरसेनेत हनुमंताला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देणारा वृद्ध जांबवंत आपल्या मनात आदराचे स्थान मिळवून बसला आहे. पुराणातल्या अस्वलाविषयी असा जिव्हाळा बाळगणाऱ्या आपल्या समाजाला रानातल्या अस्वलाविषयी मात्र भीतीपलीकडे फारसे काही ठाऊक नसते. गोव्याच्या पूर्वेकडील सह्याद्रीच्या रानात आणि घाट चढून गेल्यावर खानापूरच्या जंगलपट्ट्यात अस्वलांचा वावर आहे. रानात अथवा बागायतीत गेलेल्या एखाद्या माणसावर अस्वलाने झडप घातल्याची वार्ता अधूनमधून येते. चार दिवस हळहळ व्यक्त होते, वनखात्याकडे भरपाईची मागणी केली जाते, अस्वलाला पिंजऱ्यात धरून दूर नेऊन सोडा असा आग्रह धरला जातो, आणि पुढची वार्ता येईपर्यंत सारे शांत होते.

भरपाई मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु सरकारी धनादेशाने गेलेला डोळा परत येत नाही. तो प्रसंग ओढवूच नये यासाठी जे करावयाचे, ते बव्हंशी गावानेच करावयाचे असते. ही केवळ सदिच्छा नव्हे, याची साक्ष इटलीतील अब्रुझो प्रांताच्या डोंगराळ गावांनी दिली आहे.

रोमच्या पूर्वेला असलेल्या आपेनाईन पर्वतराजीत तपकिरी अस्वलाची एक निराळी जात शिल्लक आहे. तिची संख्या अवघी पन्नास-साठ. १९२०च्या दशकाच्या आरंभी तेथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, म्हणून ती टिकली. पण अस्वलाला उद्यानाची सीमा कळत नाही. ते गावात उतरते, कोंबड्यांची खुराडी फोडते, मधाच्या पेट्या उलथवते. २०१२ साली स्थापन झालेल्या ‘साल्व्हिआमो लॉर्सो’, म्हणजे ‘अस्वलाला वाचवू या’, या संस्थेच्या स्वयंसेवकांनी या दुखण्याच्या मुळाशी हात घातला. पेत्तोरानो सुल जित्सिओ आणि आसपासच्या गावांत त्यांनी खुराड्यांना व मधपेट्यांना सौम्य विजेची कुंपणे घालून दिली, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या बसविल्या, रानात गंजून पडलेली काटेरी तार गुंडाळून काढली. ओस पडलेल्या बागांतील जुन्या फळझाडांची छाटणी करून त्यांनी अस्वलाला गावापासून दूर, रानातच खाद्य मिळेल अशी तजवीज केली. विलाव्हालेलोंगा गावाजवळच्या एका पाणसाठ्यात २०१० साली दोन आणि २०१८ साली एक मादी व तिची दोन पिल्ले अशी अस्वले बुडून मेली. तेव्हापासून असे उघडे साठे सुरक्षित करणे हेही या कार्याचे एक अंग झाले. यात डोळे दिपविणारे काही नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या दारी जाऊन केलेले हे काम आहे, आणि त्याचे बळही त्यातच आहे.

जेथे ही दक्षता अपुरी पडली तेथे काय झाले, हेही तेथील लोकांनी पाहिले. २०२० साली जन्मलेले ‘हुआन कारितो’ नावाचे एक अस्वल रोक्काराझो गावच्या कचऱ्याला सोकावले. एकदा तर बेकरीत शिरून त्याने बिस्किटे फस्त केली. लोकांनी कौतुकाने छायाचित्रे काढली. २०२२ साली त्याला हेलिकॉप्टरने दूरच्या डोंगरात नेऊन सोडण्यात आले. ते परत आले. २३ जानेवारी २०२३ रोजी कास्तेल दी सांग्रोजवळ मोटारीची धडक बसून ते मेले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टच्या रात्री त्याची आई ‘अमारेना’ ही सान बेनेदेत्तो देई मार्सी येथे एका रहिवाशाच्या गोळीला बळी पडली. आपण भीतीपोटी गोळी झाडली, असे त्या गृहस्थाने सांगितले. मागे दोन पिल्ले उरली. एकाचा घात कौतुकाने केला, दुसरीचा भीतीने. आणि दूर नेऊन सोडण्याचा उपाय किती तकलादू असतो, तेही यातून दिसून आले.

आपले अस्वल या इटालियन भाईबंदापेक्षा वेगळे आहे, हे विसरून चालणार नाही. ते अस्वल शांत म्हणून ओळखले जाते. आपले तसे नाही. वाळवी, मुंग्या, मध आणि रानफळे हा त्याचा आहार. माणसाचे मांस हे त्याचे खाद्य नव्हे. पण त्याची दृष्टी मंद, कानही फारसे तिखट नाहीत, आणि वारूळ उकरण्यात ते गुंग असले की माणूस पार जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. वाघाच्या शेजारात वाढलेल्या या जातीला पळण्यापेक्षा अंगावर धावून जाणे अधिक परिचित. पिल्लांना पाठीवर घेऊन फिरणारी मादी असेल तर विचारावयासच नको. डोक्यावर आणि तोंडावर तिचे पंजे पडतात, ते या अचानक गाठीमुळे. म्हणजे मुख्य शत्रू अस्वल नसून ती अनपेक्षित गाठ आहे. आणि ती टाळणे माणसाच्या हाती पुष्कळसे आहे.

काजूच्या हंगामात हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. पिकल्या बोंडवांचा वास माणसाला रानात ओढतो तसा अस्वलालाही ओढतो. आंध्रच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील काजूबागांत हेच घडत आले आहे. अशा वेळी पहाट फुटण्यापूर्वी एकट्यादुकट्याने बागेत न जाणे, दोघाचौघांनी मिळून मोठ्याने बोलत जाणे, दाट झुडपाकडे व वारुळाकडे जाण्याआधी हाळी देणे, कुजकी फळे घराजवळ न साठविणे, उघड्या विहिरींना कठडे बांधणे, या गोष्टींना पैसा थोडा आणि शिस्त अधिक लागते. अस्वल दिसल्यावर जमाव जमवून दगड मारणे, ही तर संकटाला दिलेली हाकच.

ही शिस्त वनखात्याच्या फलकाने लागणार नाही. खात्याचा रक्षक एक, आणि त्याच्याकडे रान कोसच्या कोस. पण प्रत्येक वाड्यावर चार तरुण आणि चार जाणत्या स्त्रिया पुढे आल्या, अस्वलाचा माग दिसताच त्यांनी घरोघर वर्दी दिली, हंगामाच्या तोंडी शाळेत आणि देवळाच्या सभामंडपात चार गोष्टी समजावून सांगितल्या, तर जे अब्रुझोत घडले ते येथेही घडू शकेल. पंचायतींनी अशा मंडळींना बॅटऱ्या आणि शिट्ट्या पुरवाव्यात, वनखात्याने त्यांना शिक्षण द्यावे आणि भरपाईची प्रकरणे रेंगाळू देऊ नयेत. ज्याचा भाऊ महिनोन्‌महिने इस्पितळात पडून आहे आणि ज्याचा अर्ज कचेरीत धूळ खात आहे, त्याला सहजीवनाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचे नाव आहे. कायदा त्याला मारणाऱ्याला शिक्षा करील. त्याच्या शेजारी निर्धास्त जगावे कसे, हे मात्र कायदा शिकवीत नाही. ते शेजाऱ्यांनीच एकमेकांना शिकवावयाचे आहे. यंदाची बोंडे पिकण्याआधी एका जरी गावाने ही सुरुवात केली, तरी पुढल्या हंगामात इतर गावे तिकडे पाहिल्याशिवाय राहणार नाहीत.