मोटरहोमच्या किचनमधला छतावरचा पंखा बंद पडलाय? बदलण्याआधी हे वाचा!

मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. अमेरिकेत अशा गाडीतून महिनोन्‌महिने फिरणारे कितीतरी लोक आहेत. यातलं किचन इतकं छोटं असतं, की फोडणी दिली की धूर थेट बेडपर्यंत पोहोचतो! तो बाहेर फेकतो छतातला छोटासा पंखा.

हा पंखा बंद पडला तर प्रश्न फक्त वासाचा नसतो. वाफ छताला धरते, बुरशी येते. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. म्हणूनच पंखा दुरुस्त होईपर्यंत स्वयंपाक करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि या वायूचा अलार्म चालू आहे ना, ते बघा.

पंखा खरंच बिघडलाय का?

हे पंखे बहुतेक १२ व्होल्ट डीसीवर चालतात. आधी फ्यूज बघा. मग पंख्याच्या वायरवर मल्टिमीटर लावा. साधारण १२ व्होल्ट दिसत असूनही पाती फिरत नसतील, तर दोष स्विचमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. अनेक पंख्यांची नुसती मोटर बदलता येते. तेवढ्यावर भागलं तर छताला हात लावायची गरजच नाही!

पूर्ण पंखा बदलायचा असेल तर?

आधी माप घ्या. अमेरिकन गाड्यांमध्ये हे भोक बहुधा १४ बाय १४ इंचाचं असतं, तर युरोपात ४० बाय ४० सेंटीमीटरचं माप जास्त दिसतं.

१. बॅटरी आणि बाहेरून घेतलेली वीज, दोन्ही बंद करा.
२. आतली चौकट काढून वायर सोडवा. कुठली वायर कुठे होती, त्याचा फोटो काढून ठेवा.
३. छत माणसाचं वजन पेलेल याची खात्री असेल तरच वर चढा, नाहीतर शिडीवरून काम करा. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. धारदार पातं वापरलं तर रबरी छत फाटू शकतं.
४. भोकाभोवतीचं लाकूड दाबून बघा. ते मऊ लागलं तर पाणी आधीपासूनच मुरतंय. आधी ते दुरुस्त करा.
५. नव्या पंख्याच्या कडेखाली ब्यूटाइल टेप लावा, स्क्रू आवळा आणि कडेवर व स्क्रूंच्या डोक्यांवर तुमच्या छताला चालणारं सीलंट भरा. घरातलं साधं सिलिकॉन रबरी छताला नीट चिकटत नाही.
६. वायर जोडताना रंगावर विसंबू नका. कारमध्ये काळी वायर सहसा निगेटिव्ह असते, पण अनेक मोटरहोममध्ये पांढरी निगेटिव्ह आणि काळी पॉझिटिव्ह असते. उलटी जोडली तर साधा पंखा उलटा फिरतो आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचा पंखा जळूही शकतो.

शेवटची परीक्षा

एक खिडकी उघडून पंखा लावा आणि टिश्यू पेपर जवळ धरा. कागद वर ओढला गेला, म्हणजे हवा बाहेर जातेय. सीलंट पूर्ण वाळल्यावर झाकण बंद करून वरून पाणी सोडा आणि आत ओल येते का बघा.

पंखा बिघडला तर लगेच कळतं. छतातली गळती मात्र लाकूड कुजल्यावरच दिसते. त्यामुळे या कामात सगळ्यात जास्त वेळ सीलंटला द्या!