खेड्यातला डॉक्टर, हातातला मोबाईल आणि पक्षाघाताचा दुसरा झटका

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाला इस्पितळातून घरी आणले, की कुटुंबाला हायसे वाटते. हात अजून नीट उचलत नाही, बोलणे अडखळते. पण जीव वाचलेला असतो. खरी परीक्षा मात्र त्यानंतर सुरू होते. दोन-चार महिन्यांत गोळ्या संपतात, रक्तदाब मोजायला कोणी जात नाही आणि 'आता बरे वाटते आहे' एवढ्या कारणावर औषध थांबते. दुसरा झटका बहुधा असाच दबक्या पावलांनी येतो आणि तो पहिल्यापेक्षा अधिक जबर असू शकतो.

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होणे किंवा ती फुटणे, या दोन कारणांनी पक्षाघात होतो. बत्तीस देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा संबंध टाळता किंवा आटोक्यात ठेवता येण्याजोग्या दहा घटकांशी आहे, असे त्यात आढळले. त्यांत उच्च रक्तदाब सर्वांत वरचा. म्हणजे काय करावे हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. ते महिनोन्महिने, न कंटाळता कोणी करून घ्यावे हा प्रश्न आहे. मोबाईलचा उपयोग होतो तो येथे.

या संदर्भात चीनच्या हेबेई प्रांतातील नान्हे परिसरात झालेला एक प्रयोग आम्हांला विशेष मोलाचा वाटतो. त्याचे नाव 'सिनेमा'. (मराठी वाचकाला हसू येईल, पण ते एका लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप आहे.) पन्नास खेड्यांतील पक्षाघात होऊन गेलेले १,२९९ रुग्ण त्यात सहभागी झाले. निम्म्या खेड्यांत नेहमीचेच उपचार चालू राहिले. उरलेल्या निम्म्या खेड्यांतील ग्रामडॉक्टरांना प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांच्या हाती एक मोबाईल अॅप दिले गेले. हे ग्रामडॉक्टर म्हणजे मोठ्या पदव्या घेतलेले तज्ज्ञ नव्हेत. गावातच राहणारे, मर्यादित शिक्षण झालेले वैद्यकीय सेवक. त्यांनी दरमहा रुग्णाला भेटावे, रक्तदाब मोजावा, औषधांची विचारपूस करावी आणि ते अॅपमध्ये नोंदवावे, अशी योजना होती. या कामाबद्दल त्यांना थोडा मोबदलाही मिळत असे.

रुग्णांच्या फोनवर मात्र अॅप नव्हते. त्यांच्यातील बरेच जण वयस्क आणि अल्पशिक्षित. त्यांना स्मार्टफोन कुठून चालविता यावा? म्हणून त्यांना दररोज ध्वनिमुद्रित संदेशाचा विनामूल्य फोन जात असे: औषध घ्या, थोडे चाला. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकता येते, हा साधा विचार पुष्कळ हुशार यंत्रणांना सुचत नाही.

वर्षभरानंतरचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. अॅप वापरणाऱ्या डॉक्टरांच्या गावांत वरचा रक्तदाब दुसऱ्या गावांपेक्षा सरासरी २.८ अंकांनी अधिक उतरला. आकडा किरकोळ वाटतो खरा. परंतु पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण एकीकडे ४.४ टक्के आणि दुसरीकडे ९.३ टक्के होते. हा प्रयोग मुख्यत्वे रक्तदाबासाठी आखलेला होता, त्यामुळे दुसऱ्या आकड्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा 'एट्रियल फिब्रिलेशन' हा विकारही पक्षाघाताचे मोठे कारण आहे. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते आणि गुठळी मेंदूकडे जाते. या रुग्णांना रक्त पातळ ठेवणारे औषध द्यावे की नाही, हे ठरविताना डॉक्टर एकीकडे गुठळीचा आणि दुसरीकडे रक्तस्रावाचा धोका तोलतात. चीनमध्येच ३,३२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टर व रुग्ण या दोघांनी मिळून वापरायच्या अॅपची परीक्षा झाली. पक्षाघात वा अन्यत्र गुठळी, मृत्यू किंवा पुन्हा इस्पितळात दाखल होणे, यांचे एकत्रित प्रमाण अॅपच्या गटात १.९ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ६ टक्के आढळले.

आता आपल्या देशाकडे वळू. एडिथ ब्राऊन यांनी १८९४ साली सुरू केलेल्या लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर 'स्प्रिंट इंडिया' हा प्रयोग झाला. बारा भाषांतून रुग्णांना मोबाईलवर संदेश व चित्रफिती पाठविण्यात आल्या, सोबत एक पुस्तिकाही दिली गेली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषधे नियमित घेण्यात सुधारणा दिसली. परंतु पक्षाघात, हृदयविकाराचा झटका यांसारख्या घटना काही कमी झाल्या नाहीत. हे रुग्ण पक्षाघातावर उपचार करणाऱ्या केंद्रांतले, म्हणून मुळातच चांगली देखभाल मिळणारे होते, हेही ध्यानात घ्यावे. दोन्ही प्रयोग सारखे नव्हेत. तरीही आम्हांला असे वाटते, की नान्हेत फोनमागे ओळखीचा डॉक्टर उभा होता, हा फरक लहान नाही.

एक धोक्याची सूचनाही देणे आवश्यक आहे. कॅमेऱ्यावर बोट ठेवून रक्तदाब सांगणारे एक अॅप परदेशात लोकप्रिय झाले होते. २०१६ साली त्याची तपासणी झाली, तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्या दहापैकी जवळजवळ आठ जणांना ते 'सर्व ठीक आहे' असे सांगत होते. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब वहीत वा फोनमध्ये तारखेसह टिपून ठेवावा आणि पुढच्या भेटीत ती नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. औषधाची मात्रा वाढवायची की तीच ठेवायची, हे ते त्यावरून ठरवतील.