तिच्या आईला सांगू का?

परवा माझ्या नातीने मला चांगलेच पेचात टाकले. "आजी, माझ्या मैत्रिणीला वर्गातला एक मुलगा आवडतो. रात्र रात्र दोघांचे फोनवर चाललेले असते. तिच्या आईला सांगू का?"

नात नववीतली. तिचा प्रश्न ऐकला आणि मी पुण्याच्या स्वयंपाकघरातून थेट वेळापुरात जाऊन पोहोचले.

१९७३ चा आषाढ. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला होता. तरी ज्ञानोबा माउलींची पालखी मुक्कामाला आली, तेव्हा घरात जे होते ते गावाने वारकऱ्यांपुढे ठेवले. मी आणि माझी जिवाभावाची मैत्रीण, दोघी पंधरा वर्षांच्या, पाण्याच्या घागरी घेऊन उभ्या होतो. त्या गर्दीत वरच्या वर्गातल्या एका मुलाने तिच्या हातात चिठ्ठी सरकवली.

मग चिठ्ठ्या सुरूच झाल्या. अर्धनारीनटेश्वराच्या देवळात बसून ती वाचायची, मी पहारा द्यायचे. आधी गंमत वाटली, मग भीती, आणि खरे सांगायचे तर थोडा मत्सरही. तिला माझ्यासाठी वेळच उरला नव्हता! एके दिवशी तिच्या आईला सगळे सांगून मी मोकळी झाले. काळजीपोटी सांगितले, अशी मी कितीतरी वर्षे स्वतःची समजूत घालीत असे.

दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. मुलाला बापाने दोन थोबाडीत दिल्या; त्याची शाळा मात्र चालू राहिली. गणितात पहिली येणारी माझी मैत्रीण माघात बोहल्यावर चढली. मुलीच्या लग्नाचे वय तेव्हा कायद्याने पंधराच होते; अठरा झाले ते १९७८ साली. तिची शाळा सुटली त्याच वर्षी राज कपूरचा 'बॉबी' निघाला, आणि कोवळ्या प्रेमाची ती गाणी मोठी माणसे कौतुकाने गुणगुणत होती. आमचा ग्रामदेव तर पार्वतीला अर्धे अंग देणारा! दर चैत्रात त्याचे लग्न सारे गाव थाटाने लावते.

वाचक आयांना मी विचारते, मुलीची मैत्रीण असे काही सांगत आली, तर तुम्ही आधी काय बंद कराल? शाळा, क्लास की फोन?

वीस वर्षांनी पालखीच्या दिवशी ती मला भेटली. "माझे चुकले ग," मी म्हणाले.

"सांगितलेस त्याचे काही नाही. पण आधी मला विचारायचे होतेस. मी घाबरून गेले होते. मलाच कुणाला तरी सांगायचे होते."

हे सारे नातीला सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग, "आधी तिलाच विचारते," म्हणून उठली.

"पण त्याने नको ते फोटो मागितले असतील, धमकावले असेल, तर थांबू नकोस हो! तिला घेऊन तडक मोठ्या माणसांकडे जायचे."

संध्याकाळी दोघी घरी आल्या. मैत्रिणीचे डोळे सुजले होते.

"आजी, आईला मीच सांगणार आहे. तुम्ही नुसत्या शेजारी बसाल?"

मी गॅस बंद केला आणि चपला शोधू लागले.