गॅसवर चालणाऱ्या वाहनांच्या झडपांची निगा

द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे एल. पी. जी., हा प्रोपेन व ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण होय. मोटार वाहन कायद्यात सन 2000 मध्ये दुरुस्ती होऊन वाहनांसाठी या इंधनाच्या वापरास परवानगी मिळाली, आणि त्यानंतर अनेक शहरांतील रिक्षा व टॅक्सी त्यावर धावू लागल्या. गॅस स्वच्छ जळतो, इंजिनात काजळी कमी धरते, तेलही अधिक काळ स्वच्छ राहते. हे सर्व खरे आहे. तथापि ज्या स्वच्छतेची आपण प्रशंसा करतो तीच इंजिनाच्या एका भागाला मानवत नाही. तो भाग म्हणजे झडपा, अर्थात व्हॉल्व्ह, आणि त्या ज्यावर टेकतात त्या बैठका.

इंजिनाचे तीन हजार फेरे होत असताना प्रत्येक झडप मिनिटास दीड हजार वेळा, म्हणजे तासाला नव्वद हजार वेळा आपल्या बैठकीवर आपटते. निष्कासन झडप तर तापून लाल होण्याच्या सुमारास असते. तिच्यातील बहुतांश उष्णता बैठकीला टेकल्यावरच सिलिंडर हेडमध्ये व तेथून पाण्यात उतरते. अशा स्थितीत धातूला धातू क्षणभर चिकटतो, सुटताना सूक्ष्म कण उचटून येतात, आणि तेच कण पुढे कानसीसारखे काम करतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. ते मिसळण्याचा मूळ हेतू इंजिनातील ठोके थांबविणे हा होता, परंतु त्याची राख बैठकीवर पातळ थर धरी व धातूंचा प्रत्यक्ष स्पर्श टाळी. शिसे मानवी आरोग्यास, विशेषतः बालकांच्या मेंदूस घातक असल्यामुळे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, ते योग्यच झाले. त्यासाठी इंजिनात कठीण मिश्रधातूच्या बैठका असणे आवश्यक ठरले. गॅसमध्ये शिसे तर नसतेच, पण पेट्रोलमध्ये असणारी इतर पूरक द्रव्येही नसतात. शिवाय पेट्रोलचे तुषार अंतर्ग्रहण झडपेवर पडून तिला गार करतात. प्रचलित संचात गॅस वाफ होऊनच येत असल्याने तो गारवाही लाभत नाही. म्हणूनच पेट्रोलवर वर्षानुवर्षे निर्वेध चाललेले इंजिन गॅसवर घेतल्यानंतर काही हजार किलोमीटरांत कुरकुरू लागल्याची उदाहरणे घडतात.

या बिघाडाचे विशेष असे की, तो आवाज करीत नाही. सामान्यतः टॅपेट सैल झाले की ते खडखडतात आणि चालक गाडी मिस्त्रीकडे नेतो. येथे नेमके उलट होते. बैठक झिजल्याने झडप हेडमध्ये वर सरकते, तिचा दांडा टॅपेटच्या जवळ येतो, मधले अंतर कमी होते आणि इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाटू लागते. चालक समाधान मानतो. पुढे अंतर शून्यावर आले की झडप पूर्ण मिटत नाही, तापलेला वायू फटीतून निसटतो, उष्णता बाहेर जाण्याचा मार्गही तुटतो आणि झडपेची कड जळते. सकाळी इंजिन चालू होण्यास कष्ट पडणे, उभ्या गाडीत एखादा सिलिंडर मिस होणे, घाटात पिकअप न मिळणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ज्या इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात तेथे तर अंतर आपोआप जुळत राहते व झीज बराच काळ झाकली जाते.

म्हणून अंतराची तपासणी हाच पहिला उपाय. ती इंजिन थंड असताना फीलर गेजने करावी आणि आढळलेले माप अंतर बदलण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावे. समजा, 0.30 मिलिमीटर ठेवलेले अंतर दहा हजार किलोमीटरनंतर 0.20 भरले, तर याच गतीने आणखी वीस हजारांत ते संपेल हे उघड आहे. पेट्रोलसाठी दिलेली तपासणीची मुदत गॅसवर अर्धी करणे शहाणपणाचे ठरेल.

दुसरी काळजी मिश्रणाची. इंधन वाचविण्याच्या हेतूने गॅसचे प्रमाण कमी करून घेण्याची प्रथा आढळते. तिच्यासारखी खोटी काटकसर नाही. विरळ मिश्रण सावकाश जळते, निष्कासन झडप उघडतानाही ज्वाला चालूच राहते आणि झडप भाजते. ठिणगी उशिरा पडत असेल तर परिणाम तोच. पणजीहून बेळगावकडे जाताना चोर्ला घाटासारखा लांब चढ भरल्या गाडीने खालच्या गिअरमध्ये चढावा लागतो, तेव्हा या चुकीची किंमत सर्वांत अधिक पडते. अशा ठिकाणी दोन्ही इंधनांची सोय असल्यास काही अंतर पेट्रोलवर घेण्यास हरकत नाही. रेडिएटरमधील पाणीही पाहत जावे, कारण गॅसची वाफ करणारे उपकरण त्याच पाण्यावर तापते.

बाजारात झडपांचे रक्षण करणारे द्रव मिळते. ते लहान बाटलीतून थेंबाथेंबाने अंतर्ग्रहण नळीत ओढले जाते. पेट्रोलच्या टाकीत ओतल्यास गाडी गॅसवर चालत असताना त्याचा काहीच उपयोग नाही. नळीतील निर्वातावर चालणाऱ्या साध्या साधनात आणखी एक उणीव आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता निर्वात घटतो, म्हणजे गरज सर्वाधिक असते तेव्हाच थेंब कमी पडतात. मऊ बैठकांच्या इंजिनात या द्रवामुळे झीज मंदावते, थांबत नाही.

खरा उपाय हेड उतरवून कठीण बैठका बसविण्याचा. खर्च मोठा आहे, रोजच्या कमाईवर चालणाऱ्या रिक्षावाल्यास तर तो जडच जातो. परंतु हेड अन्य कारणाने उतरलेच असेल तर ती संधी दवडू नये. त्या वेळी केवळ व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करून घेतल्यास जुनी मऊ बैठक आणखी खोल जाते आणि काही महिन्यांत तेच काम पुन्हा निघते. गॅस संच नव्याने बसवू इच्छिणाऱ्याने आपल्या इंजिनातील बैठका कोणत्या धातूच्या आहेत, हे उत्पादकाकडून आधीच जाणून घ्यावे. संच मान्यताप्राप्त असावा, आणि इंधनातील बदलाची नोंद मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यावी.